उभं राहायचं गाणं

सचिवबाई दुपारच्या चहाला येणार म्हणून बाळ्याने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. घर म्हणजे वरच्या दोन खोल्या आणि खाली कारखाना. कारखाना म्हणजे बँडची वाद्यं दुरुस्त करायची एकच लांबट खोली: भिंतीवर खुंट्यांना टांगलेले कर्णे आणि कॉर्नेट, कोपऱ्यात पोटाला पोचे पडलेले दोन ट्यूबा, मधोमध या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाकडी बाक, आणि सगळ्यावर पितळेच्या पॉलिशचा वास. तो वास घालवायला बाळ्याने खिडक्या उघडल्या, मग अत्तर शिंपडलं. आता खोलीला अत्तर लावलेल्या पितळेचा वास येत होता.

"तो ट्यूबा का हलवलास?" ताईने विचारलं.

"समिती येतेय, ताई. देशाची समिती."

"मग? समिती ट्यूबात बसणार आहे?"

बाळ्या शहरातल्या मोठ्या शाळेचा मुख्याध्यापक. त्याने नुसता चष्मा सारखा केला तरी वर्गच्या वर्ग गप्प बसायचे. पण या खोलीत पाऊल टाकलं की केस पिकलेला हा माणूस पुन्हा बाळ्याच व्हायचा, आणि ताईसमोर तर अर्ध्या चड्डीतला बाळ्या. त्याने मुकाट्याने ट्यूबा जागेवर ठेवला.

आठवडाभर घरात दोन पक्ष पडले होते. गाणं देशाला द्यावं असं म्हणणारा बाळ्या, आणि देऊ नये म्हणणारी ताई. बाळ्याची बायको वर स्वयंपाकघरात नवऱ्याच्या बाजूने असायची आणि खाली उतरली की ताईच्या. जिन्यावर कुठल्या पायरीला ती पक्ष बदलायची हे तिचं तिलाच ठाऊक. बाबांचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. त्यांनी चाल केली होती, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचा, पण ऐकू कमी येतं या सबबीखाली ते हवं तेवढंच ऐकत. राहिल्या काकू. बाबांच्या थोरल्या भावाची बायको, आता एकटी. त्या काहीच बोलल्या नव्हत्या, आणि काकू बोलल्या नाहीत म्हणजे त्या आपल्या बाजूला, असं ताई गृहीत धरून चालली होती. काकूंच्या बाबतीत सगळ्यांनीच बरंच काही गृहीत धरलेलं असायचं.

ताईचं म्हणणं साधं होतं. गाणं तिचं होतं.

म्हणजे जगाच्या दृष्टीने नव्हतं. पण ती पोर असताना तिला डांग्या खोकला झाला. आई वर आजारी, म्हणून बाबा तिला मांडीवर घेऊन खाली पितळेचे पोचे काढत बसायचे. हातोडीच्या ठोक्यावर ते काहीबाही गुणगुणायचे, आणि त्या गुणगुणण्यातून चाल झाली. ठोका पडला की पोर खोकायची थांबायची, म्हणून बाबांनी चालीत ठोके वाढवले. पुढे बाबांनी बँड काढला आणि ती चाल लग्नाच्या वरातीत वाजू लागली. ती ऐकून नवरदेवाचे म्हातारे मामेसुद्धा नाचायचे. मग काकांनी, म्हणजे थोरल्यांनी, तिला शब्द दिले. काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आणि परक्यांचं राज्य होतं.

शब्द वाऱ्यासारखे पसरले, आणि सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. गंमत अशी की बंदी घालता आली ती शब्दांवर. चालीवर कशी घालणार? मोठ्या साहेबाच्या मुलीच्या लग्नात बाबांचाच बँड होता, आणि साहेब त्याच चालीवर काठी आपटत ठेका धरून होता. वरातीत बँड नुसती चाल वाजवायचा आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं तोंड मिटून मनातल्या मनात शब्द म्हणायची. शिपायांना कळायचं, पण मिटलेल्या तोंडाला बेडी कशी घालायची हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं. काकांना मात्र घातली. दोन हिवाळे ते आत होते.

पुढे राज्य गेलं, देश आपला झाला, झेंडा झाला, नोटा झाल्या. गाणं तेवढं राहिलं. इतकी समारंभांची घाई होती की कोणाच्या लक्षातच आलं नाही. मग परदेशात शर्यत झाली आणि आपला एक धावपटू चक्क पहिला आला. तिथल्या बँडवाल्यांनी त्याला विचारलं, तुमचं राष्ट्रगीत कोणतं? याने आजवर एकच गाणं बँडवर ऐकलेलं. त्याने ते गुणगुणून दाखवलं, त्यांनी वाजवलं, आणि पदक गळ्यात घालून उभ्या असलेल्या त्या पोराचे पाय सगळ्या जगासमोर थिरकायला लागले. इकडे रेडिओला कान लावून बसलेल्या लोकांनी आधी हसून घेतलं आणि मग डोळे पुसले. दुसऱ्याच महिन्यात सरकारने राष्ट्रगीत शोधायला समिती नेमली. पोत्यांनी गाणी आली. चाळून चाळून समिती जिथून निघाली होती तिथेच परत आली. आता फक्त घरच्यांची संमती हवी होती.

सचिवबाई आल्या त्या एकट्याच. समिती म्हणजे बाळ्याच्या डोळ्यांसमोर डझनभर कोट होते. प्रत्यक्षात एक ठेंगणी, घामाघूम झालेली बाई, खांद्याला जड पिशवी आणि हातात तुटलेल्या पट्ट्याची चप्पल.

"तुमच्या दाराशीच तुटली," त्या म्हणाल्या. "देशाच्या कामाला अनवाणी यावं लागेल असं वाटलं नव्हतं."

ताईने चप्पल त्यांच्या हातातून घेतली, बाकावरची छोटी हातोडी उचलली आणि बोलता बोलता खिळा ठोकून दिला. बाई एकदम ताईला आवडल्या. हे वाईट झालं, असं तिच्या मनात आलं. नावडत्या माणसाला नाही म्हणणं सोपं असतं.

चहा आला, बिस्किटं आली. सचिवबाईंनी नियम सांगितले. गाणं एकदा राष्ट्रगीत झालं की त्यात फेरफार नाही. लग्नात नाही, जाहिरातीत नाही, नाचायला नाही. अर्धवट वाजवायचं नाही. सुरू झालं की सगळ्यांनी उभं राहायचं, संपेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही.

"आणि कारखान्यात?" ताईने विचारलं.

"कारखान्यात कशाला वाजेल?"

ताई काही बोलणार एवढ्यात खोलीच्या टोकाला बाबांनी सकाळपासून हातात असलेल्या कॉर्नेटची अडकलेली कळ मोकळी केली. बाबांचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. त्यांनी कळ दोनदा दाबून पाहिली, कॉर्नेट तोंडाला लावलं आणि गाण्याची पहिली ओळ वाजवली.

या कारखान्याचा रिवाज होता. दुरुस्त झालेलं वाद्य पहिल्या ओळीवर तपासायचं, आणि ऐकणाऱ्याने दुसरी ओळ परत द्यायची, म्हणजे सूर जुळला की नाही ते कळतं. हा रिवाज इतका अंगात मुरला होता की कोणी विचार करत नसे. ताईने 'पं पं पपं' करत दुसरी ओळ दिली. भावजयीने वरून येता येता जिन्यातून दिली. आणि देशाच्या प्रतिष्ठेवर पाऊण तास बोललेल्या बाळ्याने, बिस्किट चहात बुडवलेलं असताना, मान डोलावत, मांडीवर ताल धरत दिली.

सचिवबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या होत्या. हात बाजूला, हनुवटी वर, घाईत एका पायातली चप्पल निसटलेली. ओळ संपली. खोलीत एकट्या त्याच उभ्या होत्या. बाळ्याचं बिस्किट चहात पडलं.

"हे दिवसातून किती वेळा होतं?" बसता बसता त्यांनी विचारलं.

"जेवढी वाद्यं दुरुस्त होतील तेवढ्या वेळा," ताई म्हणाली. "आता सांगा, मी दर वेळी हातोडी खाली ठेवून उभी राहू? बाबांचे गुडघे बघा. आणि अर्धवट वाजवायचं नाही म्हणता. मग एका कळीसाठी अख्खं गाणं वाजवू? बाई, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण एकदा का गाणं सिंहासनावर बसलं की त्याला 'ये रे इकडे' म्हणता येत नाही. त्याला मुजराच करावा लागतो. माझं सगळं आयुष्य या चालीबरोबर गेलंय. मला तिला मुजरा करायचा नाही."

"ताई, हा स्वार्थ झाला," बाळ्या म्हणाला. "बाबांचं नाव राहील."

"बाबा इथं बसलेत. नावाचं काय घेऊन बसलास?"

"तुझं आपलं नेहमीचं. जग कुठं चाललंय आणि तू..."

"ताईंचंही खरंच आहे हो," भावजय म्हणाली. ती पूर्ण खाली उतरली होती. "उद्या सकाळी अंघोळीला बसल्या बसल्या गुणगुणायचं म्हटलं तरी पंचाईत."

बाळ्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू घरचाच भेदी निघाला. मग त्याने शेवटचा डाव टाकला. "बाबा, तुम्हीच सांगा."

बाबांना या वेळी बरोबर ऐकू आलं. त्यांनी कॉर्नेट फडक्यावर ठेवलं. "चाल मी केली," ते म्हणाले, "पण केली ती हिच्या खोकल्यासाठी. ज्याचं औषध त्याला विचारा. ती म्हणेल ते."

ताईला जिंकल्याचा आनंद झाला नाही असं कसं म्हणावं? चांगला घसघशीत झाला. तिने सचिवबाईंच्या कपात न विचारता आणखी चहा ओतला. हरलेल्या पाहुण्याचं आतिथ्य करायला माणसाला फार बरं वाटतं.

सचिवबाईंनी मान हलवली. पिशवी आवरता आवरता त्या म्हणाल्या, "ठीक आहे. जबरदस्ती करणं शक्य नाही आणि करणारही नाही. पण एक उपकार करा. लोक या गाण्याचे शब्द वाटेल तसे म्हणतात. दुसऱ्या कडव्याचे तर चार प्रकार आमच्याकडे आलेत. निदान खरे शब्द तरी कुठेतरी नीट राहू देत. एकदा म्हणून दाखवता? मी उतरवून घेते."

"का नाही?" बाळ्या म्हणाला आणि उभा राहिला. त्याने घसा साफ केला, शाळेत भाषणापूर्वी करतो तसा.

"उजाडलं रे, दार उघडा,
वारा उभा अंगणी,
ज्याचं घर त्याच्याच हाती..."

इथे तो थांबला. "त्याच्याच हाती," तो पुन्हा म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर फळ्यापुढे उभ्या केलेल्या मुलाचा भाव आला. "ताई, पुढे काय?"

ताईने तोंड उघडलं. चाल जिभेवर होती, प्रत्येक वळणासकट, कुठे श्वास घ्यायचा त्यासकट. शब्द नव्हते. "पं पं पपं," ती म्हणाली, आणि स्वतःचंच ऐकून थांबली.

भावजयीने मान खाली घातली. बाबांनी हात झटकले. "शब्द दादाकडे असायचे. मी कशाला पाठ करू?"

सचिवबाईंची पेन्सिल हवेतच राहिली. देशभर हिंडून त्या ज्या घरी गाण्याचा उगम शोधत आल्या होत्या, त्या घरात ते कोणालाच येत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"असं कसं होईल?" त्यांनी विचारलं. नंतर त्या ओशाळल्या, कारण प्रश्न जरा जोरात आला होता.

"नियम होता," काकू म्हणाल्या.

त्या दाराशी उभ्या होत्या, रिकामा ट्रे छातीशी धरून. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"यांना पकडून नेलं तेव्हा शिपाई रोज कारखान्यात येऊन बसायचे. पोरं लहान. एखादा शब्द तोंडातून गेला असता तर भावोजींनाही नेलं असतं. म्हणून मीच नियम केला. घरात शब्द नाही. पोरांनी नुसतं पं पं करायचं. विसरली की मी हातावर चापट मारायची." त्या जरा हसल्या. "तुला फार मारल्या, ताई. तू फार गायचीस."

ताईला चापटा आठवल्या. का ते आठवलं नव्हतं.

"पण काकू, ते राज्य जाऊन किती वर्षं झाली," बाळ्या म्हणाला.

"झाली ना. पण नियम कोणी उठवलाच नाही. मला वाटायचं, भावोजी उठवतील. ते घरातले मोठे राहिले होते."

"मला वाटलं, नियम तुमचा, वहिनी," बाबा हळूच म्हणाले.

ताईने काकूंच्या हातातला ट्रे घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी तो सोडला नाही.

"काकू," ती म्हणाली, "तुला काय वाटतं? गाणं द्यावं?"

आठवडाभर भांडण चाललं होतं आणि हा प्रश्न आता पहिल्यांदा विचारला जात होता. हे विचारता विचारताच ताईच्या लक्षात आलं आणि तिचे कान तापले.

"मला काय वाटायचंय, पोरी? तुझी चाल आहे. तुला ती घरात हवी, ते बरोबरच आहे. रोज वाजते, माझ्याही कानाला गोड लागते." काकू थांबल्या. मग त्यांनी ट्रे बाकावर ठेवला, आणि मोकळ्या हातांचं काय करावं ते न कळून पदर सारखा केला. "पण पितळेला शब्द नसतात गं. चालीला कोणी पकडून नेलं नव्हतं. चाल साहेबाच्या मुलीच्या लग्नात वाजली, तिला बक्षीस मिळालं. नेलं ते शब्दांना. हे सुटून आले, पाट्या रंगवत राहिले, गेले. मी इतकी वर्षं या बाकाशी चहा आणतेय. तुम्ही पहिली ओळ वाजवता, दुसरी देता, आणि मी दारात उभी राहते, की आज तरी कोणी म्हणेल. रस्त्यात लोक म्हणतात, तेही चुकीचं म्हणतात. उद्या शाळेतली पोरं उभी राहून म्हणणार असतील, नीट, शेवटपर्यंत, तर मला ते ऐकायचंय. एवढंच. बाकी तुमचं तुम्ही ठरवा."

ताई बाकाच्या कडेला टेकून उभी होती. आपण इतकी वर्षं अर्धंच गाणं जपत होतो आणि त्यालाच माझं माझं म्हणत होतो, हे तिला कळलं. लाज वाटली, आणि लाजेबरोबर रडूही आलं. चाल जाणार होती. उद्यापासून कॉर्नेट हातात घेतलं की हात थांबणार होता. हे काही छोटं दुःख नव्हतं. पण काकूंच्या दारात उभं राहण्यापुढे ते मोठं ठरवायला तिची जीभ धजेना.

"लिहा, बाई," ती म्हणाली. "दिलं."

"अट काही?" सचिवबाईंनी जपून विचारलं.

"अट कसली? दिलं म्हणजे दिलं." तिने नाक ओढलं. "मी दुसरी कुठलीतरी ओळ शोधीन वाद्यं तपासायला. बाबा अजून धडधाकट आहेत. करतील एखादी."

"कोणाला खोकला झालाय?" बाबांनी विचारलं, आणि भावजयीला हसू आवरेना. बाळ्या जिंकला होता, पण खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला आणि बराच वेळ चष्मा पुसत होता. लहानपणी मार बसला की तो असाच भिंतीकडे तोंड करायचा.

"मग आता शब्द," सचिवबाई म्हणाल्या, आणि काकूंकडे वळल्या. "म्हणाल का? अजून राष्ट्रगीत झालेलं नाही, तेव्हा उभं राहण्याची तशी..."

पण सगळे उभे राहिलेच होते. बाबासुद्धा, एक हात बाकावर टेकून, कण्हत. काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं. बाबांनी मान हलवली. नियम उठला.

काकूंचा आवाज लहान होता, पण सुरात नेमका होता.

"उजाडलं रे, दार उघडा,
वारा उभा अंगणी,
ज्याचं घर त्याच्याच हाती
किल्ली द्या रे आणुनी."

सचिवबाईंची पेन्सिल भराभर चालत होती. काकूंनी श्वास घेतला, ताई जिथे घ्यायची तिथेच, आणि दुसरं कडवं आलं.

"वाटेवरती राहिले जे
त्यांची जागा राखुनी,
बसा सारे एका ओळी,
लहान-थोर सोडुनी."

पेन्सिल थांबली. "बसा?" सचिवबाई म्हणाल्या. "आमच्याकडे चारही प्रकारांत 'उठा' आहे."

"बसाच आहे," काकू म्हणाल्या. "उठा, उठा सगळेच म्हणत होते तेव्हा. हे म्हणायचे, उठून झाल्यावर शेवटी कुठं बसायचं ते कोणी सांगत नाही."

"पण सगळे उभे असतील, आणि गाणं म्हणेल..." सचिवबाई वाक्य पुरं करू शकल्या नाहीत. समितीपुढचा प्रसंग त्यांच्या डोळ्यांसमोर आला असावा.

तोवर बाबा बसले होते. लांब बाकाच्या एका टोकाला, सावकाश, गुडघे धरून. "दादाने सांगितलंय," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून वाहू लागले. ते त्यांनी पॉलिशच्या फडक्याने पुसले, त्यामुळे गालावर काळा पट्टा उमटला. बाळ्या खिडकीपासून येऊन त्यांच्या शेजारी बसला. मग भावजय. ताईने काकूंना दंडाला धरून बाकाशी आणलं आणि बसवलं, आणि स्वतः त्यांच्या पलीकडे जरा अंतर सोडून बसली. ते अंतर एका माणसाचं झालं.

सचिवबाई उभ्याच होत्या. पिशवी, कागद, पेन्सिल सांभाळत त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि काकूंच्या शेजारी मोकळी जागा दिसली म्हणून तिकडे निघाल्या.

"तिथं नको," भावजय पटकन म्हणाली आणि सरकून आपल्याजवळ हात ठेवला. "इकडे या. इकडे आहे जागा."

सचिवबाईंनी त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग काकूंकडे. त्या वळसा घालून भावजयीजवळ जाऊन बसल्या. बाहेर त्यांना न्यायला आलेली गाडी भोंगा वाजवत होती.

"मला शिकव, काकू," ताई म्हणाली. "पहिल्यापासून."

काकूंनी पहिली ओळ म्हटली. ताईने ती परत दिली, या वेळी शब्दांसकट.